कुरकुर बाहेर काढा

माझी नात मेघाली चार वर्षांची असताना तिच्या केसांत एक चिमणी शिरली, ती तिसऱ्या दिवशी दोन पिल्लं घेऊन बाहेर आली. इतके कुरळे केस. आमच्या दिघाशी गावात ही गोष्ट मी एवढ्या वेळा सांगितली आहे की आता लोक पिल्लांची नावं विचारतात. मी नावंही सांगतो.

आज सांगतोय त्यात चिमणी नाही. भिवंडीजवळच्या काल्हेरच्या गोडाऊनमधली एक दुपार आहे, केसांना लावायच्या जेलची एक बाटली आहे आणि त्या बाटलीला टांगलेली मेघालीची नोकरी आहे. मला गाव दाजी म्हणतं, म्हणून नातही दाजीच म्हणते. दाजीच्या बोलण्यातलं किती घ्यायचं आणि किती ओवाळून टाकायचं हे आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. सगळी भानगड झाली ती ह्यामुळेच, की माझं एक बोलणं मेघालीनं जसंच्या तसं घेतलं.

तिचं काम रिटर्नच्या टेबलावर. दुकानदारांकडून परत आलेल्या पेट्या उघडायच्या, दोन-चार बाटल्या तपासायच्या आणि फॉर्मवर लिहायचं, माल ठीक की माल खराब. ठीक लिहिलं तर सीलबंद बाटल्या पुन्हा मांडणीवर जातात. खराब लिहिलं तर अख्खा लॉट मोडीत. त्या महिन्यात ‘घुंगरू’ नावाच्या जेलच्या पेट्या परत यायला लागल्या. बाटलीवर एका हसऱ्या बाईचं चित्र, खाली सोनेरी अक्षरांत लिहिलेलं: मऊ, मोकळे, कुरळे केस, तीन दिवस. आणि पेटीबरोबर आलेल्या चिठ्ठ्यांत गिऱ्हाइकांनी लिहिलेलं: केसांचा खराटा झाला. डोक्यावर हेल्मेट बसलंय. एकीनं तर लिहिलं होतं की नवरा म्हणतो, तारेचं कुंपण कशाला घालून आलीस.

सुपरवायझर भूपेशनं वर कळवून टाकलं होतं की लॉट बिघडलाय. मेघालीनं फॉर्मवर लिहिलं, माल ठीक.

का लिहिलं, तर माझ्यामुळे.

एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिच्या ड्रेसच्या बाहीवर तपासणीतल्या जेलचा ओघळ सुकून कडक झाला होता, पापडासारखा. मी तो चिमटीत धरला आणि चुरगळला. कर्रर्र झालं आणि कापड मऊ पडलं. मी म्हटलं, "बाय, ही तर खळ हाय. हिला मोडाया पायजे."

आता खळ म्हणजे काय ते सांगतो, कारण ह्यात मी खोटं बोलत नाही. मी इक्बालशेठच्या साइझिंगच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली. लूमवर, म्हणजे मागावर, चढवण्याआधी सुताला खळ द्यावी लागते. खळ म्हणजे कांजी, दाट पेज म्हणा. कच्चं सूत लूमचे हिसके सोसत नाही, पिंजारतं आणि तुटतं. म्हणून ते कांजीतून काढून वाफेच्या गरम ढोलांवर सुकवायचं. ढोलावरून उतरतं तेव्हा हजारो धागे एकमेकांना चिकटून त्याचा पत्रा झालेला असतो. मग तो पत्रा सळ्यांमधून ओढून धागान् धागा मोकळा करायचा. ह्याला आम्ही खळ मोडणं म्हणायचो. सुकल्यावर मोडली तर धागा गुळगुळीत आणि चिवट. माझ्या हातच्या खळीच्या दोरीनं कामवारी नदीत रुतलेला ट्रक ओढला होता. ट्रक आला, दोरी तुटली नाही, नदी तेवढी दोन हात सरकली. पण ओल्यावर मोडली की संपलं. धाग्याची लव उभी राहते, ती मग देवालाही बसवता येत नाही.

केसांचंही तसंच असणार, असं मी मेघालीला सांगितलं. असणार म्हटलं. पाहिलेलं नव्हतं. मी आयुष्यात कुणाच्या डोक्याला खळ दिलेली नाही. आणि मेघालीनंही ते जेल स्वतःच्या केसांना कधी लावलं नव्हतं. लहानपणापासून आईनं तेल चोपडून वेणी अशी आवळलेली की डोळे वर ओढले जायचे. पण पोरीनं माझ्या चिमटीतला कर्रर्र ऐकला होता. दुसऱ्या दिवशी तिनं ‘माल ठीक’ लिहून खाली सही केली.

पंधरा दिवसांत त्याच पेट्या परत आल्या, आणि ह्या वेळी दुप्पट चिठ्ठ्या घेऊन.

हेड ऑफिसातून मृणाली मॅडम येणार असं ठरलं. लॉट ठीक कुणी म्हटलं, कशावरून म्हटलं, ह्याचा जाब घ्यायला. भूपेशनंच सुचवलं की मेघालीचे केस आयतेच कुरळे आहेत, तिचा एवढा विश्वास आहे तर तिच्याच डोक्यावर लावून बघू. केस मऊ झाले तर तिचं खरं. खराटा झाला तर तिनं गेटपास जमा करायचा आणि घरी जायचं. मॅडमनी फोनवर विचारलं, तुला हे सांगितलं कुणी. मेघाली म्हणाली, माझ्या आजोबांनी. मॅडम म्हणाल्या, त्यांनाही आण.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं एसटीनं निघालो. ऑक्टोबरचा उकाडा असा की खिडकीतून येणारा वारासुद्धा घामेजलेला. मी तिला हसवायला म्हणून गावातल्या नवशाच्या बैलाची गोष्ट काढली, तो बैल शिंग खाजवायला टॉवरवर चढला होता ती. तिनं ऐकून घेतली. मग म्हणाली, "दाजी, खळीचं सांगितलंत ते टॉवरवरच्या बैलासारखं तर न्हाय ना?"

मी म्हटलं, "आईशप्पत न्हाय."

शपथ मी बैलाच्या वेळीही घेतली होती. तिला ते आठवलं असावं, कारण पुढे काल्हेर येईपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत राहिली.

दहा वाजता आबिदानं तिचे केस धुऊन दिले. आबिदा तिच्याच टेबलावरची, चाळिशीची, भिवंडीतच जन्मलेली, बोलायला फटकळ. ओल्या केसांना तिनं एकेक बट घेत जेल लावलं आणि मेघालीला पॅकिंगच्या टेबलापाशी स्टुलावर बसवलं. केस पाठीवर मोकळे. मी त्या पोरीचे केस मोकळे कधी पाहिलेच नव्हते. चिमणीची गोष्ट मला एकदम अपुरी वाटायला लागली.

मॅडम तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. समोर फॉर्म, शेजारी मोबाईल, दर अर्ध्या तासानं एक फोटो. त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं की दोन वाजता त्यांची गाडी निघणार. भूपेश पाठीमागे हात बांधून उभा. तोही वाईट नाही हो. त्यानं लॉट खराब म्हणून लेखी दिलं होतं, आणि पोरगी खरी ठरली की त्याला वर तोंड दाखवायची पंचाईत.

अकरा झाले, बारा झाले. बाहेर ट्रक लागत होते, पत्र्याखाली हवा हलत नव्हती. केस सुकत आले तसे आक्रसून कडक व्हायला लागले. कपाळावरच्या बटा काळ्या जिलेबीसारख्या चकाकायला लागल्या. दीडला भूपेशनं पुढे होऊन एका बटेवर नख वाजवलं. टक् असा आवाज झाला.

"मॅडम, हे बघा," तो म्हणाला. "चिठ्ठ्यांत लिहिलंय तेच. खराटा."

मॅडमनी बट बोटानं दाबली, आणि फॉर्मवर काहीतरी लिहिलं. मेघालीची मान हलली नाही, पण तिची बोटं स्टुलाची कड घट्ट धरून होती.

मी म्हटलं की अजून खळ मोडायची आहे, सगळे केस आतपर्यंत सुकू द्या, मग मोडू. भूपेश म्हणाला, मोडायची हे बाटलीवर कुठे लिहिलंय? तेव्हा आबिदानं बाटली उचलली. मागची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. तिनं ती डोळ्यांपासून हातभर लांब धरली आणि एकेक शब्द वाचला: ओल्या केसांना लावा. पूर्ण सुकेपर्यंत हात लावू नका. सुकल्यावर कुरकुर बाहेर काढा.

ती थांबली. पुन्हा वाचलं. सुकल्यावर कुरकुर बाहेर काढा.

"तो निकाली ना लोगों ने," आबिदा म्हणाली. "दोन पेट्या भरून चिठ्ठ्या आल्यात कुरकुरीच्या."

मॅडमनी बाटली तिच्या हातातून घेतली. इंग्रजीतला मजकूर आणि मराठीतला मजकूर त्यांनी दोनदा ताडून पाहिला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हे मराठी ऑफिसातच कुणीतरी करून दिलं होतं, आणि ते कुणी हे त्यांना ठाऊक होतं असं मला त्या पाळ्यांवरून वाटलं. कुरकुर म्हणजे कडकपणा, चुरगळून तो काढून टाका, एवढंच सांगायचं होतं बिचाऱ्याला.

भूपेश म्हणाला, ठीक आहे, मग काढा कुरकुर, पावणेदोन झाले आहेत.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, सुकलेत का केस? आता मोडायचे?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सूत सुकलंय की नाही हे आम्ही कानानं ओळखायचो. हाताला वरचं सगळंच कोरडं लागतं. ओल आत लपलेली असते. धागे चिमटीत धरून कानाजवळ न्यायचे आणि हळूच दाबायचे. सुकलं असेल तर ते बोलतं, बारीक कर्र करतं. ओलं असेल तर गप्प बसतं. आणि माझ्या कानांची कीर्ती तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो: चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढून माझे कान इतके तिखट झालेत, की वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात कुणी पाय सोडला तर मला दिघाशीत चटका ऐकू येतो. हे मी गावात सांगतो. मेघालीलाही तेच सांगत आलो होतो.

मी तिच्या मानेजवळची एक बट उचलली, कानाशी नेली आणि दाबली.

काही नाही.

पुन्हा दाबली. दुसऱ्या कानाला लावली. काही नाही. कपाळावरची बट घेतली, जी डोळ्यांना खडखडीत कोरडी दिसत होती. तीही गप्प.

मग माझ्या लक्षात आलं की गप्प बट नाही. माझ्या कानांत चाळीस वर्षांचा लूम अजून चालू आहे, तो ह्या बारीक आवाजाला वाट देत नाही. बाहीवरचा ओघळ मी चुरगळला तेव्हाचा कर्रर्रसुद्धा मला बोटांना कळला होता, कानाला नाही. गेली दहा वर्षं मी लोकांच्या ओठांकडे बघून बोलणं ऐकतो, आणि ओठ दिसले नाहीत की एखादी थाप मारून वेळ मारून नेतो. थापाड्याला कुणी बहिरा समजत नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. भूपेशनं घड्याळ वर केलं. मेघाली पाठमोरी होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता. ‘सुकलंय’ म्हणणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं. मानेजवळ ओल असली तर मॅडमसमोर पोरीच्या डोक्याचा पिंजलेला कापूस होणार होता आणि गेटपास जमा.

मी म्हटलं, "मॅडम, मला ऐकू येत न्हाय."

"मोठ्यानं बोलू का?"

"तसं न्हाय. हे मला ऐकूच येत न्हाय. कान गेलेत माझे. पोरीलाबी म्हाईत न्हाय."

मेघाली वळली. वळू नको म्हणून सांगितलं होतं तरी वळली. भूपेश हसला, पण आवाज न करता; निदान मला तरी आवाज आला नाही.

तेवढ्यात आबिदानं मला बाजूला सारलं. तिचं बालपण घरी सूत गुंडाळून लूमच्या कांड्या भरण्यात गेलेलं, सुताशी जुनी ओळख. तिनं कपाळावरची बट कानाशी धरून दाबली आणि मान हलवली, ही बोलते. कानामागची, हीही बोलते. मानेजवळच्या दाट झुपक्यात तिनं बोटं घातली, कान लावला, थांबली.

"चाचा, ये चुप है," ती माझ्याकडे तोंड करून, ओठ दिसतील असं म्हणाली.

भूपेश म्हणाला की मोठा पंखा लावू, पाच मिनिटांत सुकेल. मी दोन्ही हात आडवे केले. ओल्यावर वारा म्हणजे पिंजणच. दोन वाजले. ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, बाटलीवरच्या त्या ओळीकडे पाहिलं, आणि अर्धा तास थांबायला सांगितलं. तेवढाच.

तो अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. आबिदा दर पाच मिनिटांनी वाकायची, कान लावायची, मान हलवायची. चुप. चुप. मेघालीच्या गळ्यावरून घामाचा थेंब खाली उतरताना दिसला आणि मला वाटलं, गेलं, हा मानेत शिरला की पुन्हा पहिल्यापासून. आबिदानं ओढणीच्या टोकानं तो वरच्यावर टिपला. दोन पंचवीसला तिनं पुन्हा कान लावला. ह्या वेळी ती लगेच उठली नाही. तिनं दुसरी बट घेतली, तिसरी घेतली.

मग माझा हात धरून तिनं तो झुपका माझ्या मुठीत दिला आणि बोटं मिटली. ऐकू आलं नाही. पण मुठीत कळलं. बाहीवरच्या ओघळासारखंच, हजार बारीक काड्या मोडल्यासारखं.

"बाय, मोड आता," मी म्हटलं. "खालनं वर. कुस्कर, विंचरू नको."

मेघालीनं डोकं खाली घातलं, दोन्ही ओंजळी केसांत घातल्या आणि चुरगळायला लागली. आबिदा म्हणते की सबंध टेबलावर पावलाखाली पाचोळा मोडावा तसा आवाज झाला. मेघालीनं मान वर केली तेव्हा... काय सांगू? इथे मला मीठ घालायची गरजच नाही. तारा गेल्या होत्या. लोंबती, मऊ, एकेक वेगळी वळलेली बट खांद्यावर झोके घेत होती. मॅडमनी हात घातला आणि तो काढायला विसरल्या. भूपेशसुद्धा एक पाऊल पुढे आला आणि मग फाईल बघायला लागला.

इथे गोष्ट संपवली असती तर बरं झालं असतं. पण फॉर्मवर आणखी एक रकाना होता. दावा: तीन दिवस. मॅडमना निघायचं होतं. त्या म्हणाल्या की मऊ आहेत, मोकळे आहेत, तू ‘दावा खरा’ लिहून सही कर, लेबल आम्ही बदलतो, विषय मिटला. मी मॅडमच्या मागून मेघालीला डोळ्यांनी खुणावत होतो, कर सही, कर.

तिनं पेन घेतलं आणि तसंच धरून राहिली.

"मॅडम, मऊ झाले ते मी बघितलं. तीन दिवस मी बघितलेले नाहीत," ती म्हणाली. "खोटी सही केली तर पेट्या परत येतील. त्या माझ्याच टेबलावर येतात."

भूपेशला संधी मिळाली. म्हणाला, म्हणजे दावा सिद्ध झाला नाही. मॅडमनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं की मग तीन दिवस असेच राहू दे, धुवायचे नाहीत, रोज सकाळी ड्युटीवर आलीस की फोटो पाठव, निर्णय रविवारी. गेटपास तोवर भूपेशकडे.

म्हणजे फास सैल झाला, निघाला नाही. ती रोज सकाळी गेटवर नाव सांगून आत जायची, पाहुण्यासारखी.

शुक्रवारी सकाळी केस चांगले होते. उशीवरची बाजू जरा चेपलेली, पण हातानं चुरगळल्यावर उठली. शुक्रवारी संध्याकाळी, गोडाऊनच्या त्या दमट धुळीत, कानशिलावर लव उभी राहिली. शनिवारी पिंजारायला सुरुवात. आईनं तेलाची बाटली घेऊन तिच्यामागे घरभर फेऱ्या मारल्या, तिनं हात लावू दिला नाही. रविवारी सकाळी डोकं असं झालं होतं की माझी चिमणी बघती तर नातवंडं घेऊन राहायला आली असती. मेघालीनं आरशासमोर उभं राहून तोही फोटो काढला, बाजूनं, मागून, काही न लपवता. खाली लिहिलं: एक दिवस पूर्ण खरं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निभावतं. तीन दिवस खोटं. माल ठीक.

मी म्हटलं की शेवटचा फोटो जरा लांबून तरी काढायचा. ती म्हणाली, "दाजी, तुमच्या कानांसारखं करू का?"

मी आरशापासून लांब झालो.

दुपारी फोन आला. मॅडमचं बोलणं ती ऐकत होती आणि मी तिच्या ओठांकडे बघत होतो, पण ऐकणाऱ्याचे ओठ काय सांगणार! शेवटी तिनं फोन ठेवला. गेटपास सोमवारी परत मिळणार होता. ‘तीन दिवस’ लेबलवरून जाणार, तिथे ‘दिवसभर’ येणार. आणि ती कुरकुरीची ओळ काढून काय लिहायचं, हे मॅडमनी तिलाच विचारलं होतं. तिनं सांगितलं होतं: पूर्ण सुकल्यावर खळ मोडा. शहरातल्या बायकांना खळ कळेल का, असं मॅडम म्हणाल्या. मग दोघींनी मिळून ठरवलं, खळ मोडा, आणि पुढे बारीक अक्षरांत, म्हणजे ओंजळीत धरून चुरगळा.

आता नव्या बाटल्यांवर तसंच छापलंय. दिघाशीत मी सांगतो की हा माझा शब्द आहे, आणि कुणी मानत नाही. बाटली दाखवली तरी मानत नाहीत. म्हणतात, दाजी, छापखाना पण तुमचाच काय?

मेघाली हल्ली महिन्यातून दोनदा ते जेल लावते, ओसरीवर बसून. सुकत आले की मला हाक मारत नाही, जवळ येते, मानेजवळची बट माझ्या कानाशी धरते आणि दाबते. मग समोर येऊन, ओठ दिसतील असं विचारते, "आलं ऐकू?"

"आलं की," मी सांगतो.

ती मान हलवते, आणि तोच झुपका माझ्या मुठीत देते.